आई-वडिलांसोबत घर आवरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्राच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत हे प्रश्न हमखास येतात. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईत नोकरीला असतात आणि आई-वडील सोलापुरात जुन्या घरात. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं उतरायचं, दोन दिवसांत माळा रिकामा करायचा आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असा बेत असतो. तो सहसा फसतो. कारण घर त्यांचं आहे, आपण हाताखालचे गडी आहोत, आणि हे ध्यानात यायलाच पहिला दिवस जातो. खालची बहुतेक उत्तरं त्याच एका गोष्टीवर उभी आहेत.

१. सुरुवात कुठल्या खोलीपासून करायची?

स्वतःच्या सामानापासून करा, मग ते कुठल्याही खोलीत असो. बारावीची गाइडं, इंजिनिअरिंगचा ड्राफ्टर, लग्नाआधीच्या जीन्स, चेन नसलेली सायकल, पहिल्या नोकरीतला सूटकेस भरून आणलेला संसार. हे सगळं आईच्या कपाटात पडून असतं आणि आपण तिलाच म्हणतो, ‘किती पसारा केलायस!’ आपलं सामान तिच्यासमोर काढा, रद्दी रद्दीवाल्याला द्या, ठेवायचं ते बरोबर घेऊन जा. बऱ्याच घरांत एवढ्यानंच एक कपाट मोकळं होतं. शिवाय आता तिच्या वस्तूंबद्दल बोलायला तोंड उरतं.

२. कोणत्या दिवसांत करावं?

आपल्याकडे घटस्थापनेआधी दसरा काढतातच. अंथरुणं-पांघरुणं, वाकळा, डबे, भांडी सगळं बाहेर येतं, धुतलं जातं आणि परत आत जातं. तेच निमित्त धरा. फक्त ‘परत आत’च्या आधी थोडं थांबायचं. आई-वडिलांना वेगळं काही चाललंय असं वाटत नाही आणि वाद निम्म्यानं कमी होतात.

मे महिना टाळा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना पत्र्याखालच्या माळ्यावर सत्तरीतल्या माणसाला बसवणं बरं नाही. नळाला पाणी येण्याचा दिवसही सोडा. त्या दिवशी घरातल्या कुणालाच दुसरं काही सुचत नाही.

३. आई प्रत्येक वस्तूला ‘राहू दे की, लागतंय कधीतर’ म्हणते. काय बोलायचं?

‘हे टाकायचं का?’ असं विचारूच नये, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारून बघा. पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं पुढं ओढा आणि विचारा, शेवटचं कधी चुलीवर चढलं होतं? आई सांगेल, धाकट्या काकांच्या हळदीला. मग त्या हळदीत कोण रुसलं, पातेलं कुणी करपवलं, हे ऐकून घ्या. अर्धा तास जातो, जाऊ द्या. बहुतेक वेळा शेवटी तीच म्हणते, ‘मावशीच्या सुनेला दे, त्यांच्यात माणसं लई आहेत.’

ज्यांनी बाहत्तरचा दुष्काळ पाहिलाय त्यांच्याकडून रिकामा डबा सुटणं आणखी अवघड. १९७२ साली या जिल्ह्यातल्या माणसांनी खडी फोडली, परदेशातून आलेला मिलो (लाल ज्वारी) खाल्ला, मुलांनी सुकडीसाठी (वाटपातल्या पौष्टिक पिठासाठी) रांगा लावल्या. त्या पिढीला तेलाचा मोकळा पत्र्याचा डबा म्हणजे धान्य साठवायची जागा दिसते. हा काही आजार नव्हे (खरोखर काळजीचं कधी, ते प्रश्न १५ मध्ये). डबे चार ठेवायचे की चौदा, एवढंच त्यांच्याशी ठरवायचं.

जिथं अडतं तिथं एक ट्रंक ‘पुढच्या दसऱ्याला बघू’ म्हणून ठेवा. आत चिठ्ठी टाका: काय आहे, कधी ठेवलं. वर्षभर कुणी उघडली नाही तर पुढच्या खेपेला बोलणं सोपं जातं.

४. ते गावाला गेले असताना गुपचूप काढून टाकलं तर?

नको. लक्षात येत नाही असं आपल्याला वाटतं, पण आईला तिच्या फडताळातली मोकळी बरणीसुद्धा पाठ असते. एकदा असं झालं की पुढं ती चांगल्या वस्तूही लपवायला लागते, आणि घरात काही सापडेनासं झालं की ‘तूच टाकलं असशील’ हे कायमचं मागं लागतं. अपवाद फक्त नासलेलं अन्न, मुदत संपलेली औषधं आणि उंदरानं कुरतडलेलं अंथरूण. तेही सांगून.

५. माळ्यावर कुणी चढायचं?

आई-वडिलांनी नाही, ‘मला कुठं काय आहे ते ठाऊक आहे’ म्हणाले तरी. त्यांनी खाली खुर्चीवर बसून सांगायचं, तुम्ही वस्तू एकेक करून खाली द्यायची.

पायात बूट, हातात जाड मोजे, तोंडावर रुमाल. जुन्या मातीच्या भिंती, लाकडाचे ढीग, पोत्यांच्या घड्या या विंचवाच्या आवडत्या जागा. पोतं उचलण्याआधी काठीनं हलवायचं, बुटात पाय घालण्याआधी ते आपटायचे. विंचू चावलाच तर मंत्र-बिंत्र न करता सरळ दवाखाना. लहान मुलांना आणि हृदयविकार असलेल्यांना त्याचा धोका जास्त.

६. पाण्याचे ड्रम, हंडे, घागरी, बादल्या यांनी अर्धं घर अडलंय. ते तरी कमी करू का?

पुण्यात राहून हा सल्ला द्यायला काही लागत नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाइपलाइन फुटली की ते अंतर आणखी लांबतं. आई जे साठवते ते हिशेबानं साठवते. आधी तिला विचारा: पाणी आल्यावर काय काय भरतेस आणि कशाला किती दिवस पुरतं? त्यात जे भांडं कधीच येत नाही, गळकी बादली, झाकण हरवलेला ड्रम, तळ गेलेली घागर, तेवढंच काढा. ठेवलेल्या ड्रमांना घट्ट झाकणं आणून द्या, म्हणजे डास होणार नाहीत. आणि त्यांच्या वाटेतला ड्रम भिंतीकडे सरकवा. रात्री मोरीकडे जाताना म्हातारी माणसं अडखळतात ती बहुतेक अशाच गोष्टींना.

७. पितळ-तांब्याची भांडी मोडीत द्यावीत का?

द्यायची तर वजन घरी करून, दोन ठिकाणी भाव विचारून. मोडीत भांड्याच्या घडणीला किंमत नसते, धातूचं वजन तेवढं धरतात. घंगाळ, बंब, नक्षीचा तांब्या अशी घडणीची वस्तू मोडीत देण्याआधी नातेवाइकांत विचारा.

पितळी पातेली वापरायची इच्छा असेल तर आतून कल्हई हवी. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात ताक, चिंच, आमटी असलं आंबट ठेवू नये.

आणि भांड्यावरची नावं वाचा. बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं: ‘चि. सौ. कां. अमुक हिला मामाकडून’, खाली साल. माळ्यावरच्या हंड्यावर आजीचं माहेरचं नाव सापडतं, जे घरात कुणालाच ठाऊक नसतं. पितळेला चिंच-मीठ चोळलं की अक्षरं वर येतात. द्यायचं ठरलं तरी आधी त्या नावांचे फोटो काढून ठेवा.

८. चादरी, वाकळा आणि लुगड्यांचं काय?

सोलापूरच्या घरात चादरी मोजू नयेत. ओळखीत कुणी ना कुणी मागावर असतो, आणि सांधा चुकलेली चादर स्वस्तात घरी येते. जकार्डची जाड सुती चादर सहज वीस-वीस वर्षं टिकते, त्यामुळे ‘जुनी झाली’ हे कारण चालत नाही. पाहुण्यांना किती लागतात ते धरून तेवढ्या ठेवा, बाकी आत्ताच, धडक्या असताना द्या. फाटक्या कुणालाच नको असतात, दान म्हणूनही.

जुनी इरकल आणि नऊवारी लुगडी घडीवर चिरतात, म्हणून घडी मोडून उन्हात न घालता सावलीत पसरा. काठ-पदर शाबूत असतील तर ते वेगळे निघतात. ब्लाउजला, पिशवीला, नातीच्या परकराला लागतात. मऊ झालेल्या सुती लुगड्यांची वाकळ शिवून घ्या. शिवणाऱ्या बायका अजून पेठांमध्ये आहेत, आईलाच ठाऊक असतात. उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडं घ्यायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी आईचा. त्या घासाघिशीत तिला जी मजा येते ती तुमच्या दानधर्मात येणार नाही. नवं भांडं किती मोठं घ्यायचं, एवढं मात्र आधी ठरवा.

९. आहेरात आलेले ब्लाउज पीस आणि टॉवेल-टोप्या?

फिरवा. सगळेच फिरवतात. ज्यांच्याकडून आला त्यांनाच परत जाऊ नये म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी लावा.

१०. कागदपत्रं कोणती ठेवायची, कोणती रद्दीत?

इथं घाई करू नका. एक दिवस नुसत्या कागदांसाठी ठेवा आणि वडिलांना पुढं बसवा.

कायम ठेवायचे: खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश, एक जोडीदार गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाला लागतो), विम्याच्या पॉलिसी. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे जुन्या उताऱ्यांच्या दहा-दहा प्रती नकोत. पण जुने हस्तलिखित फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) ठेवा, नाव कसं लागलं हे त्यातूनच कळतं. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका आणि घरपट्टीच्या पावत्या एका फाइलला.

सगळ्यात जास्त चुकून रद्दीत जातो तो आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल). जात पडताळणीत जुना पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी त्या पिवळ्या कपट्यासाठी तालुक्याच्या शाळेत हेलपाटे घालणारे आपल्यात कमी नाहीत. गिरणीचा बिल्ला, हजेरीचं कार्ड, फंडाची पावती यावरही जन्मतारीख किंवा गाव असतं, म्हणून तेही बघूनच टाका.

पैशांचे कागद वेगळे काढा. कागदी शेअर प्रमाणपत्रं सापडली तर ती रद्दी नव्हेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत, पण डिमॅट करून किंवा वारस म्हणून नाव लावून घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेलेले असू शकतात. तिथूनही अर्ज करून मिळतात. बँकेचं पासबुक दहा वर्षं पडून असेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, हक्क जात नाही. ‘उद्गम’ या रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. पोस्टाची जुनी प्रमाणपत्रं पोस्टात नेऊन विचारा.

लाइट बिलं, टीव्हीच्या गॅरंट्या, बंद पडलेल्या मिक्सरची पुस्तिका गेली तरी चालेल. आधार, पॅन, बँक खात्याचे नंबर असलेला कागद मात्र फाडून. शेंगांची पुडी तुमच्या पॅनकार्डाच्या झेरॉक्समध्ये बांधून यायची.

११. ट्रंकेत जुन्या नोटा आणि नाणी सापडली. चालतात का?

हे हमखास घडतं, लुगड्याच्या घडीत किंवा डाळीच्या डब्यात. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागं घेतली, पण ती अजून वैध आहे. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत (राज्यात मुंबई, बेलापूर, नागपूर) बदलून किंवा खात्यात जमा करून मिळते, आणि सोलापुरातून टपालानंही पाठवता येते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आता कुठंच चालत नाहीत. उलट अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे (अभ्यास-संग्रहासाठी मर्यादा पंचवीस). आईची साठवण होती म्हणून हळहळ होते. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद आहेत, पन्नास पैसे कायद्यानं चालतात, दुकानदार घेवो न घेवो. चांदीचे जुने रुपये सराफाला दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नका.

१२. मोडी, कानडी किंवा तेलुगूत लिहिलेले कागद आहेत, वाचता येत नाहीत. टाकू का?

वाचून घेतल्याशिवाय नाही. मोडी सरकारी वापरातून १९५० च्या सुमारास गेली, त्याआधीचे जमिनीचे, देण्या-घेण्याचे कागद त्याच लिपीत आहेत. अक्कलकोट संस्थानातले, सीमेवरच्या गावांतले कागद कानडीतही सापडतात, आणि विणकर घरांत आजोबांच्या तेलुगू वह्या असतात. मोडी वाचणारे जाणकार मिळतात. तेलुगू-कानडीसाठी गल्लीतल्याच एखाद्या आजोबांना बसवा. इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या काळातलं पत्र, पत्रक, फोटो सापडला तर तो एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा. चार हुतात्म्यांच्या या गावात असे कागद अजून ट्रंकांमध्ये आहेत. लॅमिनेशन मात्र करू नका, त्यानं कागद कायमचा खराब होतो.

१३. जातं, पाटा-वरवंटा, उखळ कुणी घेत नाही. आणि आई हलवू देत नाही.

मग हलवू नका. लग्नात हळद दळायला, पूजेला जातं लागतंच, आणि भाड्यानं आणलेलं जातं आईला पटत नाही. गल्लीत, भावकीत मिळून एक चांगलं जातं ठेवायचं असं ठरलं तर बाकीची सुटतात. फ्लॅटवर जायचं असेल तर प्रश्न १६ पाहा.

१४. देवाच्या फुटक्या तसबिरी, जुने टाक, यात्रेचे कपडे?

पिंपळाखाली नेऊन ठेवू नका, तिथं त्यांच्यावरून कुत्री जातात. काच आणि चौकट सुटी करून कोरड्या कचऱ्यात, कागदी चित्र पाण्यात भिजवून बागेतल्या मातीत. आई-वडिलांनी हात जोडल्यावर, त्यांच्या देखत. चांदीचे टाक म्हणजे कुळाचे देव. ते मोडीत जात नाहीत आणि भावांत वाटलेही जात नाहीत, ते कुणाच्या देव्हाऱ्यात जायचे हे वडिलांनी सांगायचं.

सिद्धेश्वराच्या यात्रेत वडील नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) धरत असतील तर त्यांची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, ट्रंकेत असेल. तिला बंद बारा असतात, घडी घालताना एखादा तुटतो. तो शिवून घ्या आणि कपाटात वर ठेवा. ती या वर्षी पुन्हा लागेल की नाही, हे वडिलांना विचारायचं नसतं.

१५. वडील हल्ली रस्त्यावरून वस्तू उचलून आणतात, कशालाच हात लावू देत नाहीत. हे वयानं आहे का?

जन्मभर साठवण करणारा माणूस वेगळा आणि अचानक बदललेला माणूस वेगळा. पूर्वी टापटीप असलेल्या माणसानं खोलीत चालायला वाट न ठेवणं, नासलेलं अन्न जपणं, चोरी झाली म्हणून घरच्यांवर संशय घेणं, त्याच त्या गोष्टी विसरणं, असं दिसलं तर आवराआवर थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा. स्मृतिभ्रंशात आणि नैराश्यात असं होतं. वस्तू टाकताच न येणं हा स्वतंत्र मानसिक विकार म्हणूनही आता जगभर मानला जातो आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांना आधी स्वतः बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

अशा वेळी खोली जबरदस्तीनं रिकामी करू नका. पलंगापासून संडासापर्यंतची वाट आणि गॅसजवळची जागा एवढीच मोकळी करून घ्या.

१६. आई-वडिलांना पेठेतल्या जुन्या घरातून जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅटवर न्यायचंय. सगळं कसं मावणार?

मावणार नाही, आणि हे त्यांना आधी डोळ्यांनी दिसायला हवं. त्यांना रिकाम्या फ्लॅटमध्ये नेऊन खडूनं जमिनीवर पलंग, कपाट, देव्हारा आखा. किती उरतं ते दोघांनाही कळतं. तिथं ‘हे नको’ म्हणायची पाळी बहुतेक वेळा आपल्यावर येत नाही.

ज्वारीची पोती, कोठी, जातं यांच्या जागेचा निर्णय आधी. वर्षाची ज्वारी एकदम भरायची सवय असेल तर फ्लॅटमध्ये तीन महिन्यांची भरता येईल का ते बोला. मालदांडी बाजारात वर्षभर मिळते. पहिल्या दिवशी चहाची भांडी, भाकरीचा तवा आणि काठवट हाताशी लागतील अशी वेगळी बांधा.

१७. औषधं, मोबाइल, बॅटऱ्या?

मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटातून काढून, पाकीट कापून टाका, अख्खी पट्टी कुणी उचलून वापरू शकतं. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून. पाऱ्याचा थर्मामीटर आणि जुने सीएफएल दिवे फोडू नका, घंटागाडीवाल्याला वेगळे सांगून द्या. जुना मोबाइल देण्याआधी आतले फोटो उतरवा, अण्णांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग त्यातच असतं.

१८. भावा-बहिणींत कोणती वस्तू कुणाला, यावरून आत्ताच कुरबुर सुरू झालीय.

आई-वडील धडधाकट आहेत तोवर वाटणी तुमची नाहीच. आईचे दागिने हे तिचं स्त्रीधन, त्यावर तिचा एकटीचा हक्क. तिला द्यायचं असेल तर तिनं हातानं द्यावं. भांडं, दागिना अशी जंगम वस्तू प्रत्यक्ष हातात दिली की बक्षीस पूर्ण होतं. नंतर द्यायचं असेल तर मृत्युपत्र. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि ज्याला मिळणार तो साक्षीदार नसावा. वहीतली नुसती यादी घरात समजुतीला चालते, कायद्यात नाही.

ज्या मुलीनं सासरहून ‘मला काही नको’ म्हटलंय, तिला एकदा वेगळं विचारा. तिला अनेकदा एखादी अडकित्ता-पानपुड्याची जोडी हवी असते आणि चार भावांपुढं मागता येत नाही.

१९. वडील गेले. त्यांच्या वस्तू कधी आवरायच्या?

तेराव्याला आलेली मंडळी ‘उरकून टाका’ म्हणतात, त्यांचं ऐकू नका. पेन्शन, बँक, विमा यांचे कागद लगेच (प्रश्न १०). कपडे, चष्मा, काठी यांची घाई नाही. आई म्हणेल तेव्हा, वर्षश्राद्धानंतर म्हणाली तर तेव्हा. सदरे भावांनी वापरलेले काही आयांना आवडतं, काहींना बघवत नाही. विचारल्याशिवाय अंगात घालू नये.

२०. वाड्यात चुलत्यांचं सामान आहे, ते कुणी नेत नाही आणि आपल्यालाही हात लावता येत नाही.

सगळ्या वस्तूंचे फोटो काढा, यादी करा आणि घरातल्या सगळ्यात थोरल्यांकडून भावकीच्या ग्रुपवर टाकायला सांगा. तुम्ही टाकलंत तर तो आगाऊपणा, थोरल्या काकांनी टाकलं तर निरोप. दिवाळीपर्यंत किंवा संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत अशी ठरावीक मुदत द्या, कारण त्या वेळी सगळे गावात येतात. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचं सामान एका खोलीत लावून कुलूप घाला, किल्ली थोरल्यांकडे. विकू नका. वाटणीपत्रात कुणाच्या वाट्याला काय लिहिलंय ते आधी बघा. कपाट चुलत्यांचं आणि कपाटाखालची जागा तुमच्या वडिलांची, असं बऱ्याच वाड्यांत निघतं.